मागं जखमी शिजतोय, पुढं एसी फुल

मे लागला की आठवड्यातनं एकदा तरी हा फोन येतोच. "फौजी मामा, पेशंट गाडीत घातला तेव्हा चांगला बोलत होता. तासाभरात बरळायला लागला. डोक्याला तर मार नव्हता." फोन करणारा अँब्युलन्सवरचा ड्रायव्हर असतो, नाहीतर अहिल्यानगरहून सुट्टीवर आलेला मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचा एखादा जवान. माझा प्रश्न ठरलेला. मागं टेंपरेचर किती होतं? उत्तरही ठरलेलं, "एसी फुल होता की मामा." अरे बाबा, गार वारा तुझ्या मांडीवर येत होता. मी मागचं विचारतोय.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. बावीस वर्षांत जिप्सी, वन टन आणि स्टॅलियन ट्रक, जवान नेणारी चिलखती बीएमपी, सगळ्यांच्या पोटात बसून जखमी आणलेत. आता परभणी जिल्ह्यात मानवतकडं शेती बघतो आणि सवड मिळेल तसं आसपासच्या ड्रायव्हर पोरांना पट्टी बांधायला, स्ट्रेचर उचलायला शिकवतो. औषधाचा डोस मी कुणाला सांगत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण गाडीच्या मागच्या खोक्यात माणूस कसा तापतो आणि कसा गारठतो, हे दोन्ही मी चुकांतूनच शिकलोय.

पहिली चूक जून २००२ मधली. ऑपरेशन पराक्रम चालू होतं, म्हणजे पाकिस्तानच्या सीमेवर सगळी फौज उभी होती, आम्ही राजस्थानात वाळूत पडून होतो. रणगाड्याच्या ट्रॅकचं काम करताना एका जवानाचा पाय चेंगरला. रक्त थांबवलं, खपची बांधली, मॉर्फिन दिलं आणि निसान वन टनमध्ये आडवा केला. शिकवलं होतं तसं दोन ब्लँकेट पांघरली, कारण शॉकमधल्या माणसाला ऊब द्यायची. अंगात डांगरी, म्हणजे कामाचा जाड अंगभर डगला, तशीच, पायात बूट तसेच. दीड तासाचा रस्ता. निम्म्यावर तो मला आईच्या नावानं हाक मारायला लागला. मला वाटलं, रक्त गेलंय, म्हणून. पाय परत तपासला, पट्टी कोरडी. कपाळाला हात लावला तर चटका. थर्मामीटर लावला, ४०.६ सेल्सिअस. ब्लँकेट फेकली, डांगरी कातरली, छागलीतलं, म्हणजे पाण्याच्या पिशवीतलं, सगळं पाणी अंगावर ओतलं आणि मागचा पडदा सोडून दिला. पोहोचेस्तोवर तो शुद्धीवर आला होता. आरएमओ साहेब, म्हणजे पलटणीचे डॉक्टर, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ब्लँकेट बरोबर होतं. थर्मामीटर खिशात कशाला ठेवला होता?"

दुसरी चूक माझी नव्हती, पण मी हजर होतो. मागच्या वर्षी इकडंच, टेंपो पलटी झाला, एकाची मांडी मोडलेली. बाहेर ४३. लोकांनी प्रेमापोटी त्याच्या अंगावर बर्फाचं पाणी ओतलं, गाडीत घातला, दोन्ही पंखे तोंडावर. मांडीचं हाड मोडलं की आतल्या आत लिटरभर रक्त सहज जमतं, बाहेर थेंब दिसत नाही. दवाखान्यात त्याचं टेंपरेचर निघालं ३५. मे महिन्याच्या दुपारी, मराठवाड्यात, माणूस गारठला होता. रक्त गेलेल्या माणसाचं अंग ३६ च्या खाली गेलं की रक्त नीट गोठत नाही, म्हणजे रक्तस्राव वाढतो, म्हणजे अंग अजून गार पडतं. हे चक्र मोडायला फार अवघड.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीचं आहे: खोका गार करा, जखमीचं मात्र मोजून ठरवा. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

खोका एवढा का तापतो

उन्हात बंद उभी गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापते, आणि त्यातला बराचसा ताप पहिल्या अर्ध्या तासातच चढतो. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. बाहेर ४२ असताना आत ६० म्हणजे अतिशयोक्ती नाही, साधा हिशोब आहे. मेच्या मध्याला परभणीत भर दुपारी आपली सावली आपल्याच पायाखाली येते, सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. म्हणजे मार बसतो तो टपाला. आणि स्ट्रेचरवर आडव्या माणसाचं तोंड टपाकडंच असतं.

लष्करी गाडीत याच्या जोडीला अजून भानगडी असतात. बीएमपी घ्या. तेलंगणातल्या मेदकच्या कारखान्यात बनते, आपल्या नांदेडहून काही फार लांब नाही. इंजिन पुढं उजव्या अंगाला, मागं सात जवान दाटीवाटीनं. नुसता बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. सात माणसं म्हणजे ७०० वॅट, एक इस्त्री चालू ठेवून तुम्ही दार लावून घेतलंय असं समजा. वर पोलाद, रंग गडद, हॅच बंद. त्यात एखाद्याला गोळी लागली तर त्याच्या अंगावर बुलेटप्रूफ जॅकेट, डोक्यावर बुलेटप्रूफ पटका. जॅकेटखाली घाम येतो पण वाळत नाही. आणि न वाळलेला घाम काही कामाचा नाही, शरीरातलं पाणी तेवढं गेलं. म्हणून जवानांना मी पहिलं हे सांगतो: गोळीबाराच्या टप्प्यातून बाहेर पडलात, कमांडरनं हो म्हटलं, की जखमीचं जॅकेट आधी उघडा. जखम शोधायला उघडायचंच असतं, पण ती सापडल्यावर लोक ते पुन्हा बंद करतात.

आपल्या साध्या अँब्युलन्समध्ये जॅकेट नाही, पण रेक्झिनची गादी आहे. पाठ, कुल्ले, पोटऱ्या, अर्धं अंग त्या रेक्झिनला चिकटलेलं. तेवढ्या भागाचा घाम वाळणं बंद. वर सुती चादर दुहेरी घालून टाका, एवढं केलं तरी फरक दिसतो. कुणाकडं जुनी गोधडी असेल तर अजून चांगलं.

आधी थर्मामीटर

कपाळावर रोखायचं ते पिस्तूल कोविडनंतर प्रत्येक गाडीत आलंय. तापलेल्या गाडीत, घामेजल्या कपाळावर त्याचा आकडा धरू नका. मी एकाच माणसाला दोन मिनिटांत ३५.९ आणि ३८.४ असं दोनदा बघितलंय. काखेतला साधा डिजिटल त्यापेक्षा बरा, पण तोही कमीच दाखवतो. माणूस बरळत असेल आणि नक्की आकडा हवा असेल तर गुदद्वारातूनच घ्यावा लागतो. लाजायचं कारण नाही, त्यासाठी वेगळा थर्मामीटर ठेवा, त्याला लाल चिकटपट्टी लावा म्हणजे काखेत जाणार नाही. बेशुद्धाच्या तोंडात तर थर्मामीटर कधीच घालू नका. आणि एकदा मोजून भागत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी मोजा आणि गादीच्या कडेला पेननं लिहा, वेळेसकट. डॉक्टरला तुमच्या दहा वाक्यांपेक्षा तो आकड्यांचा खांब जास्त सांगतो.

आता आकड्यावरून काय करायचं.

रक्त गेलंय, अंग गार आणि चिकट, आकडा ३६ च्या आसपास किंवा खाली. याला भिजवायचं नाही. ओले कपडे काढा, कोरडं करा, चादर नाहीतर ब्लँकेट घाला, पंख्याचं तोंड फिरवा. बाहेर ४४ असलं तरी. जवळच्या माणसांना हे पटत नाही, ते म्हणतात, अहो उकडतंय किती! उकडतंय तुम्हाला. पण याच माणसाला ४० अंशांच्या खोक्यात दोन तास चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवला तर माझ्या २००२ च्या जवानासारखा तो उलट्या टोकाला जातो. ३८ च्या पुढं गेला की पांघरूण कमी करा. म्हणून परत परत मोजायचं.

अंग तापलेलं, आकडा ४० च्या वर आणि डोकं ठिकाणावर नाही, हा उष्माघात, मग जखम असो वा नसो. वाहतं रक्त बांधायचं आणि लगेच गार करायचं. इथं गाडी पळवण्यापेक्षा गार करणं आधी. अर्ध्या तासात आकडा ३९ पर्यंत आणायचा असतो, आणि दवाखाना तासाभरावर असेल तर वाटेतच वेळ निघून जातो. पॅरासिटामॉलचा इथं काडीचा उपयोग नाही. हा ताप आजाराचा नाही, शरीराचा कंट्रोलच सुटलाय.

बर्फ कुठून आणायचा, असं पोरं विचारतात तेव्हा मला हसू येतं. मराठवाड्यात उन्हाळ्यात कुठल्याही फाट्यावर रसवंती असते आणि रसवंतीवाल्याकडं पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी असते. लग्नसराई असतेच, मंडपात थंड पाण्याचे जार रांगेनं असतात. आणि प्रत्येक टेंपोत ताडपत्री असते. ताडपत्रीचे चारी कोपरे चौघांनी धरायचे, मध्ये माणूस, त्यावर तीन-चार जार थंड पाणी आणि फोडलेला बर्फ, आणि पाणी हलवत राहायचं. डोकं एकानं वर धरून ठेवायचं, नाकातोंडात पाणी जाता कामा नये. टब नसला की फौजाही हीच युक्ती करतात. ३९ ला थांबायचं, नाहीतर अंग पुढं आपोआप अजून खाली जातं.

ताडपत्री जमण्यासारखी नसेल, पायात रॉड घुसलाय, मणक्याला मार आहे, तर भिजवून वारा. याचा हिशोब मला फार आवडतो. एक लिटर पाणी वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. सत्तर किलोच्या माणसाचं अंग एक अंशानं उतरवायला ५८ लागतात. म्हणजे शंभर मिली पाणी, अर्धा पेला, खरंच अंगावर वाळलं तर एक अंश. पण वाळलं पाहिजे. गादीवरून खाली ओघळलेलं पाणी धरायचं नाही. म्हणून बादली ओतण्यापेक्षा पातळ ओला पंचा अंगावर, वरून पिकावर मारायच्या हातपंपासारखा फवारा, आणि वारा. फवाऱ्याची बाटली मात्र नवी घ्या. औषध भरलेला पंप धुऊन वापरू नका, हे मी गमतीनं सांगत नाही.

इथं एक पेच आहे. कोरड्या अंगावर ४२ अंशांचा वारा सोडला तर तो माणसाला गार करत नाही, भट्टीच्या तोंडासारखा तापवतो. पंखा ओल्या अंगावरच. आणि आपल्याकडं मेमध्ये हवा कोरडी असते म्हणून हे जमतं, घरातला कूलर जमतो तसंच. मृगाच्या आधी आभाळ भरून येतं, घाम वाळत नाही, कूलर नुसतं दमट करतो, त्या आठवड्यात ओल्या पंचाचा भरवसा धरू नका. तेव्हा बर्फच.

भाजलेल्यांचं वेगळं. थोडं भाजलं असेल तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. पण छाती, पाठ, पाय असा मोठा भाग गेला असेल तर पाण्यात भिजवत ठेवला की तो पटकन गारठतो, कातडीचं आवरणच राहिलेलं नसतं.

फवारणीवाला पेशंट

हे मी वेगळं लिहितोय कारण यावर कुणी बोलत नाही. फौजेत नसांवर मारा करणाऱ्या विषारी वायूच्या हल्ल्यावर उतारा म्हणून ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात. आपल्याकडं तेच ॲट्रोपिन दर हंगामात वापरलं जातं, काही कीटकनाशकांची बाधा झालेल्यांवर. फवारताना झालेली असो की कुणी पिऊन घेतलेलं असो. ग्रामीण रुग्णालयात ॲट्रोपिन सुरू करतात आणि मोठ्या दवाखान्यात पाठवतात. ॲट्रोपिन घाम बंद करतं. पूर्ण बंद. कातडी कोरडी, लालबुंद, तोंडाला कोरड. आता हा घाम न येणारा माणूस तुम्ही ४० अंशांच्या खोक्यात दोन तास ठेवलाय. त्याच्याकडं गार व्हायचा रस्ताच उरलेला नाही. तो बडबड करायला लागला की लोक म्हणतात विष चढलं. चढलेलं विष असेल, ॲट्रोपिन असेल किंवा नुसता ताप असेल. मोजल्याशिवाय कळायचं नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरांना निघतानाच विचारा, ॲट्रोपिन चालू आहे का? हो म्हणाले तर मागचा खोका गार असल्याशिवाय हलू नका, ओला पंचा आणि पाणी हाताशी ठेवा. आणि विषाचे कपडे काढून पिशवीत बांधा, ते गाडीत उघडे राहिले तर वास तुम्हालाही बाधतो.

गाडी

आता तक्रारीचं मूळ. पुढं गार, मागं भट्टी.

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती ही की गाडी रिकामी उभी असताना तापू द्यायची नाही. रणगाड्यांवर जाळी टाकतात ती लपवायला, पण जाळी पत्र्याला चिकटलेली नसली, हातभर वर असली, तर खालचा पत्रा बराच गार राहतो. आपल्याकडं जाळीला तोटा नाही, आल्याच्या, टोमॅटोच्या रोपवाटिकेवरचं शेडनेट असतं तेच. चार बांबूंवर टपापासून फूटभर वर बांधा. चिकटवून टाकलंत तर उपयोग निम्म्यानं गेला. कडुलिंबाखाली जागा मिळाली तर काहीच नको, फक्त तीन वाजता सावली कुठं जाते ते आधी बघून ठेवा.

कॉल आला की आधी मागची दोन्ही दारं सताड उघडा, मिनिटभर कोंडलेली हवा जाऊ द्या, मग एसी. ६० अंशांची हवा थंड करत बसण्यापेक्षा ४२ ची करणं सोपं, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही, तरी दहातले आठ जण उलटं करतात.

एसी चालू आहे आणि मागं वाराच कमी येतो, तर मागच्या ब्लोअरची जाळी बघा. बहुतेक वेळा धूळ आणि गॉझचे धागे. वारा येतो पण गार नाही, तर बॉनेट उघडा. एसीचा जाड पाइप हाताला गार लागला पाहिजे, त्याच्यावर घाम आला पाहिजे, बारीक पाइप गरम. दोन्ही सारखेच लागत असतील तर गॅस गेलाय किंवा कॉम्प्रेसर ओढत नाही, मेकॅनिककडं न्या. पाइप ठीक आहेत तर कंडेन्सर बघा, रेडिएटरच्या पुढची जाळी. मानवत, सेलू, परभणी, जिनिंगचा भाग, कापसाची पिसं हवेत तरंगतात आणि त्या जाळीत वाकळेसारखी बसतात. गाळपाच्या दिवसांत उसाची चिपाडं. पाणी मारायचं ते आतून बाहेर, हलक्या धारेनं. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरनं मारलंत तर पात्या वाकतात आणि वारा कायमचा बंद. एका ड्रायव्हरनं तीनदा गॅस भरला होता, पैसे घालवले. जाळीतून मी ओंजळभर कापूस काढला.

उभ्या गाडीत एसी मरतो. रेल्वे फाटकावर, दवाखान्याच्या दारातल्या रांगेत. इंजिनाचे फेरे थोडे वाढवून ठेवा. आणि मागचं दार अर्धवट उघडं टाकून पळू नका, पळणारी गाडी मागून स्वतःचाच धूर आत ओढते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उघडायचंच असेल तर पुढच्या काचाही उघडा, म्हणजे वारा आरपार जाईल. ऑक्सिजन चालू असेल तर सगळं गच्च बंद करून आतलीच हवा फिरवत राहू नका, काच थोडी फटीत राहू द्या, बिडीवाला नातेवाईक मागं बसवू नका.

सिलिंडरवरून आठवलं. ३० अंशांवरचा सिलिंडर ६० ला गेला की काटा दहाएक टक्के वर चढतो. पोरं म्हणतात, भरलाय! भरलेला नाही, तापलाय. ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही ३० च्या वर ठेवल्या की खोटं बोलतात. सलाइन उन्हात तापून चहासारखं झालेलं मी हातात धरलंय. पट्ट्या आणि सलाइन थर्माकोलच्या डब्यात घालून पुढच्या सीटखाली ठेवा, बर्फाला थेट चिकटवून नको.

पाण्याचं शेवटी. शुद्धीत असेल, गिळता येत असेल, पोटाला मार नसेल आणि डॉक्टरनं मनाई केली नसेल तर घोट घोट ओआरएस. बरळणाऱ्याला तोंडातून काहीच नको. आणि तुम्ही स्वतः प्या. मागं बसलेला अटेंडंट चक्कर येऊन जखमीवर पडलेला मी बघितलाय.

वर म्हटलेल्या कापसाच्या जाळीवाल्या पोरानं नंतर कोंबड्यांच्या शेडमध्ये लावतात ते तापमान आणि दमटपणाचं मीटर आणलं. तार मागं स्ट्रेचरच्या उंचीला, आकडे पुढं स्टिअरिंगशेजारी. टपाशी लावलं असतं तर चुकीचं दाखवलं असतं, हे त्याचं त्यालाच सुचलं. परवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पेशंट घेऊन निघाला होता, गेवराईच्या पुढून फोन केला.

"मामा, मागं ३९ दाखवतंय. थांबू का पळू?"

"पेशंटचं किती?"

"सदतीस दोन. मघाशी सदतीस होतं. पोटरीला लागलंय, बोलतोय चांगला."

"मग पळ. चादर काढ वरची, पायाची पट्टी झाकलेली राहू दे. पंधरा मिनिटांनी परत मोजायला सांग, अडतीस झालं तर पुढच्या रसवंतीला थांब."